घोणस, मण्यार, लाल विंचू, पाकट: दंशापासून दवाखान्याच्या दारापर्यंत

काळीमाती

पाऊस पडला की व्हॉट्सॲपवर तेच ते फिरायला लागतं: वर दोरी करकचून बांधा, ब्लेडनं चीर द्या, कडुनिंबाचा पाला चावून बघा कडू लागतो का. सोलापूर जिल्ह्यापुरती तरी धड माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा काढतोय. ज्याला जे नक्की ठाऊक आहे तेवढंच लिहा, ऐकीव नको.

आधी कोण कुठं भेटतं ते. माणूस दगावेल इतकं विष असलेले चार साप आपल्याकडं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. घोणस उसाच्या पाचटात, कडब्याच्या गंजीखाली, बांधावरच्या गवतात. थंडीत ती दिवसाही ऊन खात पडून असते, म्हणून ऊसतोडीच्या फडात गाठ पडते. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच होतात, एका वेळी 20-40, आणि पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं. नाग घराच्या आसपास उंदीर-घुशींच्या मागं येतो: धान्याची पोती, गोठा, पडकी भिंत. फुरसं मुरमाड माळावर, दगडाच्या बुडाशी. अंगानं लहान, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मण्यार रात्रीची, आणि सगळ्यात फसवी तीच.

ओळखीबद्दल थोडं. घोणशीच्या अंगावर साखळीच्या कड्यांसारखे लांबट गोल, त्यांच्या तीन रांगा. चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते, आणि फुसकारतच राहते. डुरक्या घोणस लांबून तशीच वाटते, पण तिचे डाग वेडेवाकडे, एकात एक मिसळलेले, शेपूट आखूड आणि बोथट. ती बिनविषारी. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं.

मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांच्यात लोक सर्रास फसतात. मण्यार काळी-निळसर, तुकतुकीत. पांढरे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीनं, मानेपासून अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होत जातात. कवड्याचं उलट: मानेपाशी ठळक, शेपटीकडं विरत गेलेले. मण्यारीच्या पाठीवर मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची एक रांग असते. हे सगळं फोटो बघून ओळखण्यापुरतं. खवले बघायला जवळ जाऊ नका, आणि मेलेला सापही हातात घेऊ नका. तुटलेल्या मुंडक्याचाही काही वेळ दंश होऊ शकतो.

दंश बहुतेक पायाला नाहीतर हाताला. मोटरला थ्री-फेज विजेची पाळी रात्रीची आली की दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, अंधारात जावं लागतं. तेव्हा गुडघ्याच्या खालपर्यंत येणारे गमबूट आणि बॅटरी, दोन्ही पाहिजेत. मोबाईलचा उजेड पावलापुरताच पडतो. मोटरच्या पेटीत, पाइपच्या तोंडात, पाचटात हात घालायच्या आधी काठीनं हलवून घ्या.

आपत्कालीन

चांगला धागा. दंश झाल्यानंतरचं मी लिहितो.

सापापासून लांब व्हा, माणसाला बसवा किंवा आडवं करा, वेळ बघा आणि लिहून ठेवा. चालवू नका, पळवू तर अजिबात नका. विष मुख्यतः त्वचेखालच्या लसिकावाहिन्यांतून चढतं, आणि स्नायू आखडले-सैल झाले की त्यांना पंपासारखा जोर मिळतो. म्हणून तो हात किंवा पाय मोडलेलं हाड बांधतात तसा बांधायचा: टॉवेलात गुंडाळलेली काठी किंवा वर्तमानपत्राची जाड घडी, त्यावर ओढणी सैलसर. बांधल्यावर आत एक बोट सहज गेलं पाहिजे. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, काळा दोरा, घड्याळ लगेच काढा. घोणशीच्या दंशाला तासाभरात इतकी सूज येते की नंतर अंगठी कापावी लागते.

जखम धुऊ नका, चिरू नका, चोखू नका, बर्फ लावू नका. चिरा देणं घोणशीच्या आणि फुरशाच्या दंशात विशेष घातक, कारण रक्त गोठण्याची ताकदच संपलेली असते. चीर दिली की ती वाहतच राहते. दोरी आवळल्यानं पुढचा भाग रक्ताविना मरतो आणि विष तिथंच साठून मांस कुजवतं.

उलटी होत असेल तर डाव्या कुशीवर. दारू, चहा, औषधी काढा काही नाही. वेदनेला ॲस्पिरिन, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, त्यानं रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालते.

वाटेत सोबतच्या माणसानं दोन कामं करावीत. सूज जिथपर्यंत आली तिथं पेननं रेघ मारून शेजारी वेळ लिहायची, पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा. आणि रुग्णाला वर छताकडं बघायला सांगायचं, जीभ पूर्ण बाहेर काढायला सांगायची, एका दमात आकडे मोजायला लावायचे. मघाशी 25 पर्यंत गेलेला माणूस आता 12 वर थांबला, तर श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागलेत. दवाखान्यात शिरताच हे पहिल्यांदा सांगा.

माहेर मंगळवेढा

खूप उपयोगाचं लिहिलंत. तीन प्रश्न आहेत. वस्तीवर मोटरसायकलशिवाय काही नसलं तर? गावकऱ्यांनी आधीच दोरी आवळून ठेवली असेल तर ती सोडायची का? आणि आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं की थेट सोलापूरला सिव्हिलला?

आपत्कालीन

ताई, 108 ला फोन करा, पण ॲम्ब्युलन्सची वाट बघत अर्धा तास घालवण्यापेक्षा निघालेलं बरं. समोरून गाडी येत असेल तर वाटेत गाठता येते. मोटरसायकलवर रुग्ण मधे, चालवणारा पुढं, मागं धरणारा तिसरा. मागच्याचं काम फक्त रुग्णाला घट्ट धरून ठेवणं. नागाच्या आणि मण्यारीच्या दंशात मान टाकायला लागतो आणि गाडीवरून पडतो.

दोरी वाटेत एकदम सोडू नका. अडकून राहिलेलं विष एका दणक्यात चढतं आणि श्वास थांबू शकतो. दवाखान्यात सलाईन लागली, औषधं आणि श्वासाची नळी हाताशी आली, की डॉक्टर सोडतील. दोरीच्या खाली नाडीच लागत नसेल तर त्यांना आधी ते सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: प्रतिविष जिथं सगळ्यात जवळ आहे तिथं. सरकारी आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात ते फुकट मिळतं. निघतानाच फोन करून विचारा: कुप्या किती आहेत, डॉक्टर हजर आहेत का. पहिला डोस तिथं सुरू करून मग सोलापूरला हलवावं. डायलिसिस किंवा व्हेंटिलेटर लागेल असं वाटलं तर छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल. केसपेपरवर "सर्पदंश" हा शब्द आणि दंशाची वेळ लिहून घ्या. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश येतो. वारसांना पुढं अर्ज करायची वेळ आली तर तोच कागद मागतात.

कुप्यांचा हिशेब

"दहा-दहा बाटल्या कशाला लावतात, पैसे उकळायला का" हा प्रश्न हमखास येतो, म्हणून आकडे देतो.

भारतात मिळणारं प्रतिविष बहुगुणी आहे, म्हणजे एकाच कुपीत चारही सापांवरचा उतारा. घोड्यांना थोडं थोडं विष टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार होतं. बहुतेक विष तमिळनाडूतल्या इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेतून येतं, संस्था 1978 ची. कुपी 10 मिलीची. 1 मिली प्रतिविष नागाचं आणि घोणशीचं 0.6 मिलिग्रॅम विष मारतं, मण्यारीचं आणि फुरशाचं 0.45. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलिग्रॅमच्या आसपास विष सोडते. आता गुणाकार करा: 10 कुप्या म्हणजे 100 मिली, म्हणजे 60 मिलिग्रॅमचा उतारा. सुरुवातीला 8 ते 10 कुप्या सांगतात त्या याच हिशेबानं. आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप वय बघून विष कमी सोडत नाही. मुलाच्या बाबतीत कमी करतात ते सलाईनचं पाणी.

पावडरची कुपी असेल तर सोबतचं 10 मिली पाणी टाकून हळूहळू गोल फिरवत विरघळवायची. जोरानं हलवली तर फेस होतो आणि औषध फेसात अडकून वाया जातं. सगळं सलाईनमध्ये मिसळून तासाभरात शिरेवाटे. दंशाच्या जागी टोचत नाहीत. त्वचेवर थोडं टोचून "सोसतंय का" बघायची जुनी पद्धत बंद झाली आहे, कारण त्यातून ॲलर्जी होणार की नाही हे कळतच नाही. त्याऐवजी ॲड्रेनालिन भरून शेजारी ठेवतात. अंगाला खाज, गांध्या, उलटी, थरथर सुरू झाली की प्रतिविष थांबवून मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम ॲड्रेनालिन मांडीच्या स्नायूत, माणूस सावरला की प्रतिविष पुन्हा सुरू. नातेवाइकांनी इथं घाबरून "बंद करा, सोसत नाही" असा हट्ट धरू नये. ॲलर्जी आवरता येते, रक्तात सुटलेलं विष प्रतिविषाशिवाय आवरत नाही.

लॅबवाला

वरच्या प्रतिसादाला जोडून, रक्त गोठतंय का ते बघायच्या 20 मिनिटांच्या चाचणीबद्दल. शिरेतलं 2 मिली रक्त नव्या, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकी करून बघायची. पातळच राहिलं तर घोणस किंवा फुरसं धरून चालायचं. प्रतिविष दिल्यावर 6 तासांनी पुन्हा तीच चाचणी, तरीही पातळ असेल तर पुढचा डोस.

चुका दोन ठिकाणी होतात. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या पृष्ठभागामुळं होते. आणि साबणानं धुतलेली काचेची नळी: साबणाचा अंश राहिला तरी तोच घोटाळा. दोन्हींत सापाचं विष नसताना असल्यासारखं दिसतं. शंका असली तर शेजारी सोबत्याचं रक्त तशाच नळीत ठेवून बघावं. त्याचंही गोठलं नाही तर दोष नळीचा.

माळावरचा दगड

सापावरच सगळे लिहितायत. विंचवाचं कुणीतरी लिहा म्हणून मीच लिहितो.

"इंगळी" हे नाव प्रत्येक गावात वेगळ्या विंचवाला लावतात, त्यामुळं नावावर जाऊ नका. मोठा, काळा, जाड नांग्यांचा विंचू दिसायला भयानक, पण त्याची आग बहुधा दुखण्यापुरतीच राहते. माणूस मारतो तो लहानसा लाल-तपकिरी विंचू: पुढच्या नांग्या चिमट्यासारख्या बारीक, शेपूट मात्र जाड. तो दगडाच्या ताली, विटांचा थर, कौलं, जळणाची लाकडं, मातीच्या भिंतीच्या फटी आणि मुलांचे बूट इथं असतो.

दंशाच्या जागी नुसती आग आहे, हातपाय गरम आहेत, तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ आणि भूल देणारं इंजेक्शन एवढ्यावर भागतं. धोका वेगळ्या खुणांवरून ओळखायचा: अंग घामानं निथळतंय, तळहात-तळपाय बर्फासारखे गार, उलट्या, तोंडाला लाळ, लहान मुलग्यात लिंग ताठरणं. या खुणा पहिल्या तासा-दोन तासांत दिसतात. विष शरीरातला ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा साठा एकदम मोकळा करतं, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी होतं. मग खोकल्यातून गुलाबी फेस येतो.

याच्यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध चालतं, हे दाखवलं महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी, 1980 च्या दशकात. कोकणातल्या छोट्या दवाखान्यात बसून केलेलं काम लॅन्सेटमध्ये छापून आलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामामुळं गावोगावी पोरं वाचली, आणि आपल्या शाळांच्या पुस्तकांत हे असायला हवं असं मला मनापासून वाटतं. मुलांना डोस वजनाच्या किलोमागं 30 मायक्रोग्रॅम, हातपाय गरम होईपर्यंत दर 3 तासांनी. गोळी साधी हवी, सावकाश विरघळणारी नको. ती असर करेपर्यंत वेळ निघून जातो. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवंच ठेवायचं. लघवीला म्हणून उभं केलं तर रक्तदाब कोसळून चक्कर येते. हे काम दवाखान्याचं, घरी गोळी देऊ नका. लाल विंचवावरचं प्रतिविषही आता मिळतं. 2011 च्या अभ्यासात प्राझोसिनसोबत ते दिलेले रुग्ण लवकर बरे झाले.

घर तपासायचं असेल तर जांभळ्या अतिनील किरणांची बॅटरी घ्या. अंधारात विंचू हिरवट-निळा चमकतो. ताली आणि विटांचे ढीग दहा मिनिटांत बघून होतात.

भिगवण ते उजनी

पाण्याबद्दल छोटं. उजनीच्या काठावर जाळ्यात सापडतो तो साप बहुतेक दिवड. चिडखोर, कडाडून चावतो, पण बिनविषारी. तिथला रोजचा त्रास शिंगाळ्याच्या काट्याचा. छातीजवळचे दोन आणि पाठीवरचा एक, काटे उभे राहून अडकतात आणि त्यांच्या आवरणात विष असतं. मासा जाळ्यातून सोडवताना डोक्याकडून धरून काटे मागं दाबत पकड घ्यायची. काटा टोचला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात, आणि काट्याचा तुकडा आत राहिलाय का ते डॉक्टरांकडून बघून घ्या. आठवड्यानंतर बोट सुजलं तर बहुतेक कारण तोच तुकडा असतो.

तारकर्लीची वाट

गरम पाण्याचा विषय निघालाच आहे तर समुद्राचं सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत सोलापूरहून गाड्याच्या गाड्या तारकर्ली, गणपतीपुळ्याला जातात, आणि समुद्राची सवय नसलेल्या माणसाला वाळूत काय असतं याची कल्पना नसते.

पाकट हा चपटा मासा गुडघाभर पाण्यात वाळू अंगावर ओढून सपाट पडलेला असतो. पाय पडला की शेपटी उलटून करवती काटा घोट्यात मारतो. सप्टेंबर 2013 मध्ये गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर अनेकांना तो लागला होता. पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूतून घासत पुढं सरका. धक्का लागला की पाकट स्वतःहून निघून जातो.

लागलाच तर पाकटाचं विष उष्णतेनं नासतं. पाणी साधारण 45 अंशांचं हवं, पाय 30 ते 90 मिनिटं बुडवून. थर्मामीटर कुठून आणणार? किनाऱ्यावरच्या चहाच्या टपरीवरून खदखदणारं पाणी एक भांडं घ्या, त्यात साधं पाणी तशीच चार भांडी ओता. जवळजवळ 44 अंश होतं. आधी दुसऱ्याच्या हातानं किंवा रुग्णाच्या चांगल्या पायानं तपासा, दुखऱ्या पायाला भाजलेलं कळत नाही. निवलं की थोडं उकळतं पुन्हा टाका, पण पाय बाहेर काढून. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर तो ओढू नका, तसाच ठेवून दवाखाना. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकाला.

जेलीफिश: समुद्राच्याच पाण्यानं धुवा, गोड्या पाण्यानं नाही. गोड्या पाण्यानं न फुटलेल्या डंखपेशी फुटतात आणि आग वाढते. वाळूनं चोळलं तरी तेच. चिकटलेले तंतू चिमट्यानं अलगद काढा, मग गरम पाणी. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळे फुगे वाहून येतात, ब्लूबॉटल. वाळलेले दिसले तरी डंख मारतात, मुलं त्यांना हमखास फोडायला जातात. ओल्या वाळूतले जिवंत शंखही गोळा करू नका. शंकूच्या आकाराच्या काही शंखांत भाल्यासारखा विषारी दात असतो, आणि तो पुढच्या बाजूनं बाहेर येतो.

समुद्री साप वल्ह्यासारख्या चपट्या शेपटीवरून ओळखू येतो. रापणीच्या जाळ्यात येतो तेव्हा बघ्यांनी हात लावू नये. दंश दुखत नाही, काही वेळानं सगळं अंग ठणकायला लागतं, जबडा आखडतो, लघवी काळ्या चहासारखी होते. आपलं चार सापांचं प्रतिविष त्याच्यावर चालत नाही, म्हणून डायलिसिसची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं.

नान्नजचं गवत

लांडग्याबद्दल एक, कारण माळढोकच्या गवताळ भागात त्याची भीती विनाकारण आहे. निरोगी लांडगा माणसाच्या वाटेला सहसा जात नाही. दिवसाढवळ्या वस्तीत घुसून समोर येईल त्याला चावत सुटलेला लांडगा किंवा कोल्हा पिसाळलेला असतो. अशा चाव्याला साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं, टाके लगेच नकोत, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) त्याच दिवशी, आणि त्वचेतली लस 0, 3, 7, 28 व्या दिवशी. लक्षणं दिसायला लागल्यावर वाचवायला काहीच उरत नाही. साप चावला तर धुवायचं नाही आणि जनावर चावलं तर धुवायचंच, एवढा फरक लहान मुलांकडूनही पाठ करून घ्या.

काळीमाती

सगळ्यांचे आभार. घरात साप दिसला तर वनखात्याचा 1926 हा क्रमांक आहे. तोवर एकानं लांबून नजर ठेवायची आणि बाकीच्यांनी खोलीबाहेर. फिनेल, कार्बोलिक ॲसिड, डांबरगोळ्या यांनी साप येत नाही हा समज खोटा आहे, कार्बोलिकनं माणसाची कातडी मात्र भाजते. उंदरांची बिळं बुजवणं आणि धान्य भिंतीपासून हातभर लांब ठेवणं हाच उपाय.

माहेर मंगळवेढा

शेवटचा प्रश्न. रात्री झोपेत काहीतरी चावल्यासारखं झालं, उठून बघितलं तर पट्ट्यापट्ट्यांचा साप गेला, पण सूज नाही, दुखत नाही. घरचे म्हणतात कवड्या असेल, सकाळी बघू. अशा वेळी?

आपत्कालीन

ताई, त्याच मिनिटाला निघायचं. मण्यारीचा दंश असाच असतो: सूज नाही, आग नाही, कधी खूणही सापडत नाही. तास-दोन तासांनी पोटात कळ येते, घसा धरतो, लोक ओवा देऊन पुन्हा झोपवतात. पहाटेपर्यंत पापण्या उघडत नाहीत. लॅबवाल्यांनी सांगितलेल्या चाचणीत मण्यार चावलेल्या माणसाचं रक्त नीट गोठतं, त्यामुळं "रिपोर्ट चांगला आहे" म्हणून घरी यायचं नाही. 24 तास दवाखान्यात. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि ॲट्रोपिन या इंजेक्शनांनी पापण्या उघडताना दिसतात, मण्यारीत बहुधा नाही. तिचं विष मज्जातंतूचं टोकच निकामी करतं, नवं टोक यायला दिवस लागतात, तोवर व्हेंटिलेटर. पण तेवढे दिवस श्वास चालू राहिला तर माणूस पूर्ण बरा होतो.

जमिनीवर झोपणाऱ्यांनी मच्छरदाणी लावा आणि तिच्या चारही कडा वाकळीखाली वीतभर खोचा. नुसती वरून सोडलेली मच्छरदाणी मण्यारीला अडवत नाही. बाजल्यावर झोपलात तर पांघरूण जमिनीला टेकू देऊ नका.